गोलपोस्टमागचे घाटपांडे

आपण बोलत असताना जो उठून जाऊ शकत नाही, असा पुण्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे गोलकीपर. हा शोध माझा नाही, आमच्या घाटपांडे काकांचा आहे. शोध लावून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी एक घडीची खुर्ची घेतली आणि दर रविवारी आपल्या संघाच्या गोलमागे, जाळीला नाक लागेल इतक्या जवळ ती मांडायला सुरुवात केली. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, मग काकाही बदलतात. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात छत्री, आणि तोंड चालू, असे ते सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडे जातात. ते बसेपर्यंत रेफरी शिट्टी मारत नाही. एकदा एका नव्या रेफरीने त्यांना हटकलं, "प्रेक्षकांनी गोलमागे बसायचं नाही." काका म्हणाले, "मी प्रेक्षक नाही, मी शेजारी आहे. तुम्ही तुमचं चालू द्या."

शेजारी ते खरं तर माझे. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. जन्म कसबा पेठेतला, नोकरी ग्रंथालयातली. उभी हयात त्यांनी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते सगळं व्याजासकट आता आमच्या वाट्याला आलं आहे. "थोडक्यात सांगतो" हे त्यांचं लाडकं वाक्य. ते कानावर पडलं की सोसायटीतली माणसं घाईघाईने खिशात किल्ल्या शोधू लागतात. काका लिफ्टपाशी दिसले तर लोक जिन्याने जातात, आणि जिन्यात दिसले तर लिफ्टची वाट बघत उभे राहतात. एकाने तर त्यांना टाळायला मोबाइल कानाला लावून "हॅलो, हॅलो" सुरू केलं, आणि तेवढ्यात तोच मोबाइल वाजला. काका शांतपणे म्हणाले, "घ्या, उचला. तुम्हालाच आहे."

मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आठवडाभर मीच बोलत असल्यामुळे रविवारी मला कुणाचं काही ऐकायचं नसतं. तरी गेली तीन वर्षं दर रविवारी काकांना स्कूटरवर मागे बसवून मैदानावर मीच नेते. त्यांचे गुडघे बिघडले, त्यांनी एकदा विचारलं, आणि 'नाही' म्हणायला मला मधे जागाच मिळाली नाही. पहिल्या रविवारी ऑफसाइड म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. आता माझ्या मुलांचे गुण आणि आमच्या संघाचे गुण यांपैकी कशाने जास्त रक्तदाब वाढतो, हे सांगता येणार नाही.

संघाचं नाव अजिंक्य फुटबॉल मंडळ, कसबा पेठ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. शहराच्या लीगमध्ये आम्ही दुसऱ्या डिव्हिजनला होतो. 'होतो' हा शब्द अजून जड जातो, पण त्याकडे येतेच. गोलकीपर संपत हा कात्रजचा. वय तिशीचं, उंचापुरा, शब्दाला महाग. आठवडाभर तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. त्या व्हॅनमध्ये रोज वीस पोरं एकदम ओरडतात, म्हणूनच काकांचं बोलणं त्याला सोसत असावं असा माझा अंदाज होता. मॅचभर तो समोर बघत उभा राहायचा आणि मधून मधून "हां काका" म्हणायचा. मान मात्र कधी वळवायचा नाही.

आणि मागून काकांचं चालू असायचं, "तर संपत, पंगत बसली. जिलबी आली. माझ्या मामेभावाच्या सासऱ्यांनी... अरे डावीकडे, डावीकडे! तो उंच पोरगा मोकळा आहे! हां, तर सासऱ्यांनी विचारलं, मठ्ठा कुठंय? आता मठ्ठा... वा, झकास पकडलास! मठ्ठ्याचं असं झालं होतं की..."

आमचा संघ असा, की बॉल बहुतेक वेळ आमच्याच गोलपाशी. त्यामुळे काकांची एकही गोष्ट सलग होत नसे. मध्यंतरात ते कोचला सांगायचे, "तुमच्या पुढच्या पोरांना जरा बॉल तिकडे ठेवायला सांगा हो, माझं एक वाक्य पुरं होत नाही." एकदा आम्ही चक्क चार-शून्यने जिंकलो. सगळे नाचत होते. काकाही खूष होते, कारण त्या दिवशी मामेभावाचं लग्न जिलबीपासून पाठवणीपर्यंत एका दमात सांगून झालं होतं.

जगातल्या सगळ्या विषयांवर काका बोलत, एक सोडून. मालतीकाकू मुलाकडे बंगळूरला आहेत. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून तीन महिन्यांकरता गेल्या होत्या. तो नातू आता शाळेत जातो. काकू कधी येणार, असं विचारलं की काका म्हणत, "येईल की," आणि लगेच थोडक्यात काहीतरी दुसरं सांगायला घेत.

गेल्या मोसमाचं थोडक्यात सांगायचं तर (लागला, मलाही गुण लागला) गणपती झाले तेव्हा आम्ही चौथे होतो, संक्रांतीला मधे, आणि होळीला तळाशी. आमचा सेंटर फॉरवर्ड पोरगा गुणी आहे, पण गोलसमोर आला की त्याला एकदम संकोच वाटतो. बचावातले दोघं भाऊ घरी एकमेकांशी बोलत नव्हते, ते मैदानावरही बोलेनात. जे काही वाचलं ते संपतमुळे वाचलं. असं करत करत शेवटची मॅच आली. हरलो तर तिसऱ्या डिव्हिजनला घसरणार, बरोबरी झाली तरी तरणार.

शून्य-शून्य चाललं होतं. दोन-चार मिनिटं उरली असतील, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. बरोबरी पुरत होती, पण आमची पोरं उत्साही. झाडून सगळी पुढे धावली. मागे फक्त संपत आणि जाळीपलीकडे काका. मी बाजूच्या पायऱ्यांवर बसले होते. सगळे तिकडे बघत होते, पण माझी नजर का कोण जाणे इकडे गेली, आणि मला संपतची पाठ दिसली. तो मागे वळून काकांकडे बघत उभा होता.

कॉर्नर फुकट गेला. त्यांच्या बचावातल्या एकाने बॉल उंच उडवला, दुसऱ्याने तो पळत गाठला आणि मैदानाच्या मध्यातूनच हाणला. मी ओरडले, सगळेच ओरडले. संपत वळला, झेपावला, पण उशीर झाला होता. बॉल टप्पे खात, काही घाई नसल्यासारखा, आमच्या गोलमध्ये गेला.

मॅच संपल्यावर आमची पोरं जिथं होती तिथं खाली बसली. मंडळाचे सेक्रेटरी तरातरा काकांपाशी आले. "काय काका, पोराला जिलब्या वाढत होतात ना? घ्या, आता तुम्हीही खा."

काकांनी उत्तर दिलं नाही. घाटपांडे काकांनी उत्तर दिलं नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. त्यांनी खुर्ची मिटली आणि येऊन स्कूटरवर बसले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मागून पडले की काय, म्हणून मी दोनदा आरशात बघितलं.

त्यानंतर सगळा पावसाळा ते गप्प होते. आधी सोसायटीला हायसं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि शेवटी काळजी वाटू लागली. जे लोक जिन्याने पळायचे तेच आता लिफ्टपाशी थांबून "काय काका, काय म्हणता?" असं विचारू लागले. काका म्हणत, "ठीक." एकदा मीच वर जाऊन विषय काढला. "घसरलो तर घसरलो काका. पुढच्या वर्षी चढू."

"संघाचं मला काही नाही, नीलिमा," ते म्हणाले. "आपली लायकी तिसऱ्याचीच होती, दुसऱ्यात आपण पाहुणे होतो. पण संपत पहिल्या डिव्हिजनचा माणूस आहे. त्याला मी खाली आणला." मग म्हणाले, "जागा भाड्याने देऊन बंगळूरला जावं म्हणतो. कायमचं. इथं आता आपलं काय काम आहे?"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या बडबडीला मी जन्मभर नावं ठेवीन, पण डोक्यावरचं ते घर मुकं झालेलं मला नको होतं.

गणपतीच्या आधी एके दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपतची व्हॅन उभी दिसली. मला बघून तो खाली उतरला. "ताई, काका आजारी हायेत का? सराव सुरू झालाय, एकदाबी आले नाहीत."

"तुला तोंड दाखवायची लाज वाटते त्यांना."

"मला? का म्हणून?"

"का म्हणून काय? ते गोष्टी सांगत बसले आणि तू वळलास म्हणून तो गोल झाला ना?"

संपत थोडा वेळ व्हॅनच्या दाराशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "गोष्टीसाठी नव्हतो वळलो ताई. गोष्टी तर मी समोर बघूनच ऐकतो. त्या दिवशी काका एकदम म्हणाले, 'संपत, ही आता परत येणार नाही म्हणते रे.' एवढंच. आता कुणी असं म्हणलं तर त्याच्या तोंडाकडं बघायला नको का? गोल काय, परत अडवता येतोय."

घरी येऊन मी मालतीकाकूंना फोन लावला. मला वाटलं होतं भांडण असेल. भांडण नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगं, येऊ देत की त्यांना इकडे, मी कुठे नको म्हणते? पण खरं सांगू का? संसारभर मी ऐकलं. इथं सून विचारते, आई, तुम्हाला काय वाटतं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला काही वाटेचना. आता कुठं वाटायला लागलंय. त्यांना म्हटलं, मी आता तिकडे येत नाही. तर त्यावर त्यांनी मला काय सांगितलं असेल? पुण्यात ऊन किती आहे ते."

नव्या मोसमाची पहिली मॅच आली, तिसऱ्या डिव्हिजनमधली. जाण्याआधी मैदानाला निदान नमस्कार तरी करा, असं म्हणून मी काकांना ओढून नेलं. खुर्ची त्यांनी घेतली नाही. ते पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसले, हात मांडीवर ठेवून, एखाद्या परक्या घरी बसल्यासारखे. पलीकडच्या गोलमध्ये संपत एकटाच येरझाऱ्या घालत होता.

मध्यंतर झालं. संपतने चहावाल्याकडची एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, दुसऱ्या बाजूच्या गोलमागे नेऊन ठेवली, आणि हातमोजे न काढताच पायऱ्या चढून आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"चला काका."

"नको रे संपत. मी आता बोलणार नाही."

"नका बोलू. मी बोलतो. तुम्ही ऐका."

काका माझ्याकडे बघू लागले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. ते उठले.

उत्तरार्धात आमचा संघ कसा खेळला ते मला विचारू नका. मी सगळा वेळ गोलकडेच बघत होते. संपतची नजर समोर होती, पण तोंड चालू होतं. शब्दाला महाग असलेला तो माणूस हातवारे करून बोलत होता. जाळीमागे काका पुढे वाकून, कानामागे हात धरून ऐकत होते. मधे दोन-तीनदा त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते किती अवघड गेलं असेल ते मी जाणते. एकदा बॉल जवळ आला तेव्हा तेवढे ओरडले, "बोलणं राहू दे, समोर बघ!" संपतने झेप घेऊन बॉल बाहेर घालवला आणि पुन्हा सांगायला सुरुवात केली. मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली.

काकांना मागे बसवून मी स्कूटर घराकडे वळवली. नदीवरच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, "नीलिमा, संपतला मुलगी आहे. सहा वर्षांची. पाण्याला भिते, म्हणून हा तिला रविवारी पोहायला शिकवतो, मॅचच्या आधी. तीन वर्षं मी त्याच्याशी बोलतोय, आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही कधी."

थोड्या वेळाने मागून आवाज आला, जरा जुन्या वळणावर आलेला, "एक बरं आहे. तिसऱ्याच्या खाली डिव्हिजनच नाही. आता जायचं म्हटलं तर फक्त वरच. आणि बंगळूरला काय, दिवाळीत जाऊन येतो."

संध्याकाळी मी खिडकीशी भाजी निवडत बसले होते. वरच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला. फोनवर होते.

"अगं, थोडा वेळ आहे का तुला? विचारायचं होतं. तिथं तुझा दिवस कसा जातो?"

एवढं बोलून ते थांबले. आता ऊन, पाऊस, जिलबी, काहीतरी सुरू होणार म्हणून मी वाट बघत राहिले. मेथी निवडून झाली. कोथिंबीर झाली. वरून काही आवाज येईना. म्हणजे काकू बोलत होत्या.