झाड ठणठणीत आहे

उलथन्याला लागलेली माती.

गॅलरीतली कुंडी, रोज थोडी रिकामी होणारी.

कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची पुडी. पुडीत भूछत्रं.

अंगणातली कपड्यांची दोरी. कालपर्यंत सरळ होती.

या घरात मूल नाही, मांजर नाही, भाडेकरू नाही. एक निवृत्त नवरा, एक बायको आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीला खेटून उभं असलेलं एक थोराड झाड.

सुरुवात लेकीने केली. ती परगावी राहायची आणि काळजी फोनवरून करायची. धोकादायक झाड कसं ओळखावं याचा एक व्हिडिओ तिने आईला पाठवला आणि आई बघणार नाही म्हणून बाबांनाही. बुंध्याशी भूछत्रं उगवली तर झाड आतून कुजलंय समजा. मुळाशी जमिनीला भेग पडली किंवा झाड नव्याने कललं, तर वेळ घालवू नका.

बायको गुपचूप अंगणात गेली. भूछत्रं होती. ती हबकली, पण झाडासाठी नव्हे. नवरा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडाकडे टक लावून बसायचा. झाड तोडलं तर हे खचतील! तिने स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि भूछत्रं खरवडून काढली.

दुपारी ती आडवी झाली असताना नवरा अंगणात गेला. त्याला मागच्या बाजूची भेग दिसली. बायको स्वतः बादली उचलून त्या झाडाला पाणी घालायची. हिला सांगायचं कुठल्या तोंडाने? त्याने कुंडीतली माती आणून भेग बुजवली.

भूछत्रं उगवत राहिली, भेग उघडत राहिली. झाड कललं, तेव्हा नवऱ्याने कपड्यांची दोरीच तिरकी बांधली, म्हणजे तिच्या शेजारी झाड सरळ वाटावं. ओले कपडे घसरत एका टोकाला जमू लागले. एरवी चादरीला सुरकुती पडली तरी घर डोक्यावर घेणारी बायको म्हणाली, "बरंय की, एका जागी उभं राहून काढता येतात."

शेवटी लेकीने झाडं तपासणारा माणूस धाडला.

"कुत्र्याच्या छत्र्या वगैरे?"

"छे!" बायको म्हणाली.

"जमीन हललीबिलली?"

"नावालाही नाही," नवरा म्हणाला.

त्याने बुंध्यावर ठोकायला पिशवीतून हातोडी काढली, तशी दोघं एकदम ओरडली, "आधी चहा!"

दोन कप चहानंतर हातोडी पिशवीतच राहिली. त्याने दोरीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाला, "झाड ठणठणीत आहे. फार जीव लावलाय तुम्ही."

आता आली का पंचाईत? झाड पडणार हे दोघांनाही ठाऊक, आणि निजायचं त्याच खिडकीशी.

"अगं, पलंग बाहेरच्या खोलीत हलवू या का? तिथे वारा बरा येतो."

"अहो, मी तेच म्हणणार होते!"

दोघंही थबकली. पहिल्याच फटक्यात एकमत होण्याची या घराला सवय नव्हती. तरी पलंग उचलला. तो दारात आडवा अडकला. बायको बाहेर, नवरा आत, झाडाच्या बाजूला.

"तुम्ही आधी बाहेर या!"

"येतो गं. एवढी काय घाई?"

"मी सांगते म्हणून या!"

"कसा येऊ? उडत?"

"रांगत या! झाड कुजलंय हो! रोज छत्र्या खरवडतेय मी!"

नवरा एव्हाना पलंगावर चढून गादीवर गुडघे टेकून होता, तिथेच बसला. "आणि मी रोज भेग बुजवतोय."

 तिने त्याचा हात धरून त्याला अलीकडे ओढलं.

"तोडावं लागेल," ती हळूच म्हणाली. "सोसेल तुम्हाला?"

"माझं सोड. तुझं काय?"

"तुम्ही धड राहिलात म्हणजे झालं."

झाड तोडलं त्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्यासाठी रुमाल जवळ ठेवला होता. दुसऱ्या दिवशी खोलीत पहिल्यांदाच ऊन आलं.

"सुनंसुनं वाटतं ना?" तिने विचारलं.

"फार," तो म्हणाला, आणि खुर्ची उन्हात ओढून बसला. तिनेही आपली खुर्ची तिथेच आणली.

नवराबायको पहिल्यांदा हे घर पाहायला आली होती त्या दिवशी ते झाड दोघांपैकी कुणालाच आवडलं नव्हतं.