दारावरच्या सासूबाई

रुमेनाने दारावर कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने न्याहाळला. कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं होतं, "घरातल्या माणसावर परिच्छेद लिहा, वर फोटो लावा आणि येता-जाता मोठ्यानं वाचा." उद्या तो वर्गात न अडखळता म्हणायचा होता. अडखळली तर कॉलेज बंद. सासूबाई दाफिना यांनी बजावलंच होतं, "चाळिशीत कसलं इंग्रजी? नाही जमलं तर निमूट माझ्या बेकरीत यायचं."

म्हणून रुमेनाने सासूबाईंवरच लिहिलं. वर त्यांचा फोटो लावला आणि शोभेसाठी भोवती काळी चौकट आखली. त्यांच्या त्रोयान गावात दारावर फोटो आणि काळी चौकट माणूस गेल्यावरच लागते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या सकाळी डोक्यात नुसती क्रियापदं भरली होती.

सासूबाई बहिणीकडे गेलेल्या. दुपारी शेजारच्या पेनकाकाकू मयताच्या घरी नेतात ते गोड शिजवलेले गहू घेऊन आल्या, डोळे पुसतच.

"तिचा चीजचा बनित्सा भाजायचा ट्रे माझ्याकडेच आहे गं. ती विचारायची तेव्हा उगीच नाही म्हणाले."

"काकू, कागदावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"मला कुठलं इंग्रजी? परदेशातल्या नातलगांसाठी लावलंयस, ते कळलं हो."

रुमेना खुलासा करेपर्यंत अर्धी गल्ली आत आली होती. कुणी वाइन आणली, कुणी फुलं. बेकरीतल्या पोरींनी तर दुकानच बंद केलं. पेनकाकाकू ज्याला त्याला ट्रेचं सांगून रडत होत्या.

आणि दारात दाफिना उभ्या राहिल्या. त्यांनी फोटो पाहिला, मग फुलं मोजली.

"सहा. जोडीनं फुलं मेलेल्यालाच आणतात, म्हणजे मीच गेले." त्या खुर्चीत बसल्या. "आलाच आहात तर बसा. पेनका, ट्रेचं काय म्हणत होतीस?"

पेनकाकाकू गुपचूप ट्रे आणायला गेल्या.

"आता तू वाच," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

रुमेनाने वाचलं, कुठेही न अडखळता. बायकांनी पुन्हा रुमाल काढले.

"छान. काय लिहिलंयस?"

रुमेनाने मान ताठ ठेवली. "तुम्ही सगळ्यात मीठ जास्त घालता आणि कुणाचं ऐकत नाही, असं."

इतक्यात ट्रे आला. दाफिनांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"कॉलेज सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा कागद महिनाभर तरी दारावर राहू दे. माझं खिम्याचं यंत्र कुणाकडे आहे, ते अजून कळायचंय."