झाडाला अस्तर

बायको मुलीकडे बारा दिवसांसाठी निघाली, तेव्हा टेलर मास्तर सूचनांची लांबलचक यादी ऐकायच्या तयारीत उभे होते. पण तिने बॅग उचलली, पुढच्या खोलीच्या खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "हे झाड जगवा. बाकी काही सांगत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. दोन महिन्यांनी लेकीच्या बाळंतपणाला मला तीन महिने जायचंय. झाड जगलं तर तेव्हा तुम्ही एकटे राहा खुशाल. नाही जगलं तर अक्कांना बोलावून घेईन."

मास्तरांच्या हातातली कात्री खाली पडली नाही, एवढंच. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मास्तर एकसष्ट वर्षांचे होते, पण अक्कांच्या हिशेबी ते अजून चौथीत होते. दहा वर्षांपूर्वी त्या आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या आठ दिवसांत त्यांनी मास्तरांचा रेडिओ बंद केला, चहा दोन कपांवर आणला आणि सुटाच्या ट्रायलला आलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की हा दहा वर्षांचा होईपर्यंत याला पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती. ते गिऱ्हाईक परत कधी आलं नाही. आठ दिवसांत ही गत, तर तीन महिन्यांत काय होईल, हा विचारही मास्तरांना करवेना. उलट एकटं राहायला मिळालं तर रेडिओ मोठ्याने लावून शिलाई, वाटेल तेव्हा चहा आणि भूक लागेल तेव्हा जेवण. असे सलग तीन महिने त्यांनी लग्नानंतर पाहिलेच नव्हते.

झाड गेली चार वर्षं मशीनपासून तीन हातांवर होतं. नर्सरीवाल्याने त्याचं नाव सांगितलं होतं, पण घरी येईपर्यंत नवरा-बायको दोघंही ते विसरले. मास्तरांनी त्या चार वर्षांत झाडाकडे नीट असं कधी पाहिलंच नव्हतं. आता मात्र ते कामाला लागले. बायको दोन दिवसांतून एकदा पाणी घालायची. मास्तरांनी सकाळ-संध्याकाळ सुरू केलं, आणि दुपारी चहा घेताना एकट्याने प्यायला बरं वाटेना म्हणून आणखी एक तांब्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मान वर केली, तर झाडाने मान टाकली होती. सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होती. मास्तरांनी घाईघाईने आणखी दोन तांबे पाणी ओतलं आणि वाट पाहत बसले. पानं आणखी खाली गेली.

आणि रोज संध्याकाळी सात वाजता बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा.

पावणेसातला मास्तरांना सुचलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पडलेल्या कॉलरी ताठ केल्या होत्या. लोळणारी कॉलर आणि लोळणारं पान यांत त्यांच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. त्यांनी कॉलरीच्या आत घालायच्या ताठ बकरमच्या पट्ट्या कापल्या, एकेका पानाच्या मागे एकेक लावली, दोऱ्याने अलगद बांधली आणि खालचं टोक मातीत खोवलं. हिरव्या दोऱ्याची तीन रिळं होती. त्यांतलं पानाशी जुळणारं निवडण्यात चार मिनिटं गेली, पण बेरंगी दोरा वापरणं त्यांच्या हाताला मंजूर नव्हतं.

"झाड कसं आहे?" बायकोने विचारलं.

"मजेत आहे," मास्तर म्हणाले आणि फोन कुंडीकडे वळवला.

सगळी पानं छताकडे बघत उभी होती.

"अगंबाई," बायको म्हणाली. "हे तर अगदी सावधान उभं राहिलंय."

"निगा राखतोय ना."

दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये घात झाला. कुंडीतल्या चिखलाने बकरम भिजलं, आणि बोलता बोलता मधलं पान हळूहळू पुढे वाकून काठावर टेकलं.

"अहो, ते पडलं!"

"पेंगतंय. दिवसभर ऊन होतं," असं म्हणून मास्तरांनी फोन बंद केला. मग उठून कपाटातले तारेचे हँगर काढले, पक्कडीने सरळ केले आणि बकरमच्या जागी बसवले. आता पानं पडणं शक्यच नव्हतं.

पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "जरा फिरवून दाखवा बघू. विहीणबाईंना मागची बाजू बघायचीय."

मागच्या बाजूला तारा होत्या. "उद्या दाखवतो, आज गिऱ्हाईक बसलंय," म्हणून मास्तरांनी वेळ मारून नेली. दुसरा कुणी असता तर त्याने तारांना हिरवा रंग फासला असता. मास्तर शिंपी होते. मागची बाजू उघडी दिसत असेल तर तिला काय लावायचं, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी एका साहेबांच्या कोटाचं काम बाजूला ठेवून त्यांनी अकरा पानांची मापं घेतली आणि अकराही पानांना मागून हिरवं अस्तर लावलं. टाके पानाची कड अजिबात न दुखवता घातलेले, आणि इतके बारीक, की काम संपल्यावर त्यांनी दोन पावलं मागे जाऊन स्वतःचीच मान डोलावली. झाडाच्या आतली अवस्था काय आहे, हा प्रश्न त्या वेळी त्यांच्या मनात नव्हता.

"काय सुरेख हो!" संध्याकाळी विहीणबाई फोनवर म्हणाल्या. "आमच्याकडे हेच झाड आहे, पण असं कधी उभं राहिलं नाही. तुम्ही पानं पुसता की नाही? पुसायला हवीत बरं का. आत्ता पुसा बघू, म्हणजे मला कळेल कसं पुसायचं."

नाही म्हणायला कारण सापडेना. मास्तरांनी ओलं पांढरं फडकं घेऊन एक पान पुढून-मागून पुसलं. फडकं हिरवंगार झालं. अस्तराचं कापड कच्च्या रंगाचं निघालं होतं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"धूळ."

"हिरवी?"

"हल्ली रस्त्याचं काम चाललंय," मास्तर म्हणाले. पलीकडे कुणीतरी जोरात खोकलं, आणि फोन बंद झाला.

सातव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कुठल्याही खोलीत शिरताच आधी आजारी कोण आहे ते बघायची सवय गेली नव्हती. त्यांची नजर थेट कुंडीवर गेली.

"मास्तर, हाड मोडलंय का याचं?"

मास्तरांनी दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अक्कांपर्यंत आले तेव्हा त्यांनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. नर्सबाईंनी कुंडीतल्या मातीत बोट घातलं. ते मुळापर्यंत गेलं.

"पाणी किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. आणि चहाच्या वेळी."

"म्हणजे बुडालंय हे. तुम्ही बुडालेल्या माणसाला इस्त्री करताय. ते सगळं काढा आधी."

नर्सबाईंनी कोट बाजूला टाकला आणि बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून झाड उपटलं, सडलेली मुळं कापली, कोरड्या मातीत लावलं. "आता चार दिवस एक थेंब नाही," नर्सबाईंनी बजावलं. "आणि त्याच्याजवळ चहाही प्यायचा नाही. तुमचा हात राहणार नाही."

उपचार बदलला, तरी सात वाजायचे थांबले नाहीत. दिवसभर झाड मोकळं, आणि पावणेसातला तारांवरच टाचून ठेवलेल्या अस्तरासह पोशाखात, असा क्रम सुरू झाला. मास्तरांचा हात इतका बसला, की नऊ मिनिटांत झाड तयार व्हायचं. पण दहाव्या दिवशी पोशाख चढवताना त्यांच्या लक्षात आलं, की पानं तारेला टेकतच नाहीयेत. ती आपली आपण उचलली होती. मधून एक बारीक नवं पान गुंडाळी होऊन वर येत होतं. मास्तर मशीनवर परत बसले, पण त्यांना शिवता येईना. इतका आनंद त्यांना स्वतःच्या हातच्या पहिल्या सुटाचाही झाला नव्हता, आणि त्यांनी तो नर्सबाईंना खाली जाऊन सांगितलाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी तारा फेकल्या, अस्तर चिंध्यांत टाकलं आणि झाडाला बायकोसाठी त्याच्या स्वतःच्या रूपात उभं केलं. पानं वर जाऊन बाहेरच्या बाजूला डौलात वाकली होती. फोनवर दिसायची तशी सरळ नव्हती, ही एक धाकधूक होतीच.

बायको आली. बॅग ठेवायच्या आधी कुंडीकडे गेली, नव्या पानाला बोट लावलं.

"आज गणवेश नाही वाटतं?"

मास्तरांचे कान तापले. "तुला... कधी कळलं?"

"गणवेशातल्या पहिल्याच कॉलला. अहो, चार वर्षं मी पाणी घालतेय त्याला. याची पानं वाकलेलीच असतात. ती सरळ उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? सातच्या आधी सगळं घर फोनभोवती जमायचं. जावई ऑफिसातून लवकर यायला लागले. आज काय नवीन, म्हणून. हिरव्या धुळीच्या दिवशी लेक इतकी हसली, की विहीणबाईंनी तिला पाणी दिलं."

मास्तरांनी तेही गिळलं. मान जाऊ दे, महत्त्वाचं तेवढं हातात होतं. "पण झाड जगलं," ते म्हणाले. "खरंखुरं जगलं. हवं तर नर्सबाईंना विचार. म्हणजे अक्का नाहीत ना?"

"झाड तर माझ्यापेक्षा चांगलं केलंत तुम्ही," बायको म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली. "पण अक्का येतायत."

"हे बरोबर नाही! तू शब्द दिला होतास!"

"दिला होता. बसा जरा." ती स्वतःही मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. "झाड मरायला टेकलं होतं, तेव्हा मी रोज विचारत होते. तुम्ही काय सांगत होतात?"

"मजेत आहे," मास्तर कुंडीकडे बघत म्हणाले.

"मी तिकडे तीन महिने असणार. एखाद्या दिवशी तुम्हाला ताप भरला, अंथरुणातून उठवेना, आणि सात वाजता मी फोन करून विचारलं, 'कसे आहात?' तर तुम्ही काय सांगाल?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर ओठांवर तयारच होतं, नेहमीचं, दोन शब्दांचं. ते बाहेर पडायच्या आधी त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

"अक्का," शेवटी ते म्हणाले, "कधीच्या गाडीने येतायत?"