भिंतीपलीकडचा मामा

खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेतलेल्या माणसाला कुणी ओवाळताना तुम्ही पाहिलं आहे? मी पाहिलं आहे. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, खामगावच्या उन्हात. आमच्या शेजारची अर्चना दारात ताट घेऊन उभी होती. ताटात पेटलेलं निरांजन होतं. समोर गॅसवाला, त्याच्या खांद्यावर सिलिंडर, आणि निरांजन व सिलिंडर यांच्यात जेमतेम वीतभर अंतर.

"अवं, थे सिलिंडर हाये!" मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून ओरडलो.

"सील हाये ना भाऊ त्याले," ती शांतपणे म्हणाली. "भाऊबीजेले हे गॅसवाले भाऊ सापडले नाहीत. ओवाळनं राहूनच गेलं होतं."

गॅसवाला कपाळावर कुंकू घेऊन गेला तो पार बावचळून. तेव्हापासून तो तिला ताई म्हणतो आणि तिचं सिलिंडर थेट ओट्याखाली नेऊन ठेवतो. आमचं गेटपाशीच टाकून जातो.

मला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि धक्के टाळायला सांगितले. मीठ मी कमी केलं. धक्क्यांचं काही माझ्या हातात राहिलं नाही, कारण अर्चना शेजारी राहायला आली. नवरा सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा ट्रक चालवतो, त्यामुळे तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. घरात ती आणि दोन मुलगे. मोठा तिसरीतला हर्षल, फार बोलत नाही. धाकटा पहिलीतला देवा, हर्षलच्या वाटचंही तोच बोलतो.

या बाईला एकच नाद. माणूस भेटला की त्याच्याशी नातं काढायचं. भाजीवाली दारात टोपली टेकवते न टेकवते तोच हिचा प्रश्न, "कोन्या गावची वं तू?" ती म्हणते, देऊळघाटची. "देऊळघाट? आमच्या सासूची मावशी देऊळघाटले देल्ली होती. मंग तं नातं लागते!" की लगेच भाजीवालीला आत बोलावून चहा. "मंग तं नातं लागते" हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकतो की परवा डॉक्टरांनी गाव विचारलं तेव्हा माझ्याच तोंडून ते निघालं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा रक्तदाब मोजला.

माझ्याशी तर तिने पहिल्याच दिवशी नातं काढलं. मी भाऊ. माझ्या लेकीहून वयाने लहान असलेली बाई मला भाऊ म्हणते, तिची मुलं मला आबा म्हणतात, आणि माझी बायको एकाच वेळी वहिनीही आणि आजीही. मी दोन पिढ्यांमध्ये असा वाटला गेलो आणि कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तर माझी परवड बघवत नाही. शाळा बंद, पोरं दिवसभर मोकाट. एका दुपारी मी भिंतीपलीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. दोन्ही पोरं अंगणातल्या दगडावर नागडी बसून आंबे चोखत होती. केसांपासून पायांपर्यंत रस. अर्चना बाजूला पाण्याची बादली घेऊन वाट पाहत होती.

"कपडे तरी घाल ना पोट्ट्याईले!"

"भाऊ, कपडे धुन्यापेक्षा पोट्टे धुनं सोपं," ती म्हणाली आणि दोघांवर बादली पालथी केली.

दुसरा धक्का ड्रमचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी अंगणात पाण्याचे निळे ड्रम. नळ यायच्या आदल्या दिवशी ते घासायचे असतात. सकाळी मला भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं, विहिरीतून यावं तसं घुमणारं. बघतो तर आडव्या पाडलेल्या ड्रममधून चार तळपाय बाहेर आलेले!  मी नातेवाइकांना काय कळवायचं इथपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात एक तळपाय हलला.

"आतून घासून राह्यले," अर्चना म्हणाली. "मावतात तवर घासतीन. पुढच्या साली मोठा नाही मावनार." आणि हे सांगताना तिने हर्षलच्या तळपायाला हळूच गुदगुल्या केल्या. ड्रम हसायला लागला.

असो. मला जो सगळ्यात मोठा धक्का बसला तो जूनच्या अखेरीस. मृग कोरडाच गेला होता आणि आठवडाभरात आमच्याकडच्या शाळा उघडायच्या होत्या. गल्लीतली पोरं एकेक करून मामाच्या गावाहून परतत होती. कुणी विहिरीत पोहायला शिकून आलेलं, कुणी वासराचं नाव सांगत होतं. देवा सगळ्यांचं ऐकायचा. एका संध्याकाळी तो भिंतीवर चढून बसला. मी त्याला तिथे बसू नको म्हणून हजारदा सांगितलं आहे.

"आबा, मामा कसा असते?"

"मामा म्हंजे आईचा भाऊ."

त्याने थोडा विचार केला. "आई तं तुमालेच भाऊ म्हनते. मंग तुमीच मामा."

मी चपापलो. असल्या गोष्टी वेळीच मोडून काढलेल्या बऱ्या असतात. "नाही बे," मी म्हणालो, "असा बाजूच्या घरातला मामा नसते. मामाचं गाव असते. तिथं बॅग भरून, बसनं जा लागते. मामी सरगुंडे करते. निघताना मामा नवे कपडे घेऊन देते. हे सारं पाह्यजे, तवा थो मामा."

देवा गुपचूप उतरून गेला. पलीकडे दोरीवरचे कपडे काढत अर्चना उभी होती, हे मला फार उशिरा दिसलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिच्या दाराला कुलूप लागताना दिसलं. पोरांच्या डोक्याला चपचपीत तेल, अंगात इस्त्रीचे शर्ट, हातात बॅगा.

"कुठी निघाली वं?"

"पोट्ट्याईच्या मामाच्या गावाले, भाऊ."

मला खरंच बरं वाटलं. अर्चनाने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं, हे गल्लीला माहीत होतं. साखरखेर्ड्याला तिचा सख्खा भाऊ आहे, पण त्याने तिचं नाव टाकलेलं. म्हटलं, चला, भावाला पाझर फुटला. मी त्या आनंदात जेवलो आणि कूलरसमोर आडवा झालो.

जरा डोळा लागतो तोच आमच्या गेटपाशी ऑटो थांबला. दार उघडलं. दारात अर्चना, डोक्यावर पदर. मागे दोन्ही पोरं, बॅगा घेऊन, धुळीने माखलेली.

"आलो बाई एकदाचे!" ती म्हणाली. "किती थे गर्दी बसमंदी! पाया पडा रे मामाच्या."

दोघांनी वाकून माझे पाय धरले. मी दाराची चौकट धरली.

हळूहळू उलगडा झाला. ही बाई सकाळी पोरांना घेऊन बसने नांदुऱ्याला गेली. तिथे त्यांना उसाचा रस पाजला, दुसऱ्या बसने खामगावला परत आली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाने ऑटो आणून माझ्या दारात उतरली. स्वतःच्या घरापासून माझ्या घरापर्यंत यायला तिने अर्धा दिवस घेतला होता. मी म्हटलं होतं ना, बस पाहिजे, बॅग पाहिजे!

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. बायकोने सरगुंड्यांचा डबा उघडलेला होता. सरगुंडे म्हणजे कणीक काडीवर गुंडाळून, पोकळ नळी काढून वाळवतात ते. उकडायचे आणि आमरसात बुडवायचे. पुण्याच्या लेकीसाठी तिने ते चैत्रातच करून ठेवले होते. लेक यंदा आलीच नाही. तिच्या मुलांना सुट्टीतही क्लास होते.

"हे काय चाललं हाये?" मी विचारलं.

"हळू बोला. तिनं मले आधी इचारलं होतं. मी हाव म्हनलं."

म्हणजे कट घरातूनच शिजलेला! 

"तिनं साखरखेर्ड्याले फोन लावला होता," बायको म्हणाली. "आवाज ऐकला आन् भावानं फोन कापला. देवा बाजूले उभा होता. त्यानं इचारलं, आई, आपला मामा मेला काय? थे म्हने, मेला नाही, हाये. थो म्हने, मंग दाखव."

मी बाहेर आलो आणि बॅगा उचलून आत ठेवल्या. दुसरं काय करणार होतो?

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आबाचा मामा होणं ही बढती की पदावनती हे मला कळलं नाही, पण काम वाढलं. मामाने खांद्यावर घ्यायचं, मामाने बर्फाचा गोळा खाऊ घालायचा, मामाने शेतात न्यायचं. शेत नाही म्हटल्यावर देवाने मला आमच्या कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला लावलं. आणि अर्चना? जी बाई एरवी क्षणभर बसत नाही, ती माझ्या दिवाणावर पाय पसरून पडलेली! "वहिनी, च्या ठेवता काय?" बायकोने चहा तर ठेवलाच, वर तिच्या डोक्याला तेल चोळून दिलं. माहेरवाशिणीने काडीला हात लावायचा नसतो, असं दोघींनी मला बजावलं.

मधल्या एका सकाळी नळ आला. अर्चनाच्या अंगणात पाइपातून पाणी वाहायला लागलं.

"अवं, तुझा नळ आला!"

"माहेरी आल्यावर सासरचं पानी कोन पाह्यते, भाऊ?" ती कूस बदलून म्हणाली.

मी, रक्तदाबाचा माणूस, भिंत ओलांडून गेलो आणि तिचे ड्रम भरले. देवा भिंतीवर बसून बघत होता.

"मामा, थ्या घरात कोन राह्यते?"

"एक बाई राह्यते," मी म्हणालो. "लय ताप हाये तिचा."

देवा इतका हसला की भिंतीवरून पडता पडता राहिला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती निघाली. पोरांच्या अंगात मी आणलेले नवे शर्ट होते. हर्षलचा बाहीला जरा लांब होता, पण बाही दुमडून घालीन, तोच हवा, असं तो म्हणाला. बायकोने अर्चनाला पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, गहू. मी मनात म्हणत होतो, संपलं एकदाचं नाटक. आता कूलर माझा, दिवाण माझा.

अर्चना उंबरठ्याशी आली. बायकोच्या पाया पडली. माझ्या पाया पडायला वाकली, आणि वर उठलीच नाही. तिथेच बसून ती मोठ्याने रडायला लागली. हुंदके देत, नाक ओढत, मांडीवरच्या ओटीतले गहू सांडत. समोरच्या घरातल्या बायका ओट्यावर आल्या. मी हादरून गेलो. आजवरचे तिचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. मला वाटलं तिच्या पोटात दुखतंय.

"अवं, रडतं काऊन? भिंतीपलीकडंच तं जायचं हाये!"

तिने पदराने तोंड पुसलं. "माहीत हाये, भाऊ. पन मी कधीच कुठून रडत निघाली नाही. लग्नाच्या वक्ताले मागच्या दारानं निघाली होती, चपला हातात घेऊन. आवाज होऊ नाही म्हनून रडली बी नाही." तिने सांडलेले गहू पदरात ओढले. "थे रडनं राहूनच गेलं होतं."

बायको तिच्याजवळ खाली बसली आणि तिला जवळ घेऊन तीही रडायला लागली. माझ्या बायकोला मी आमच्या लेकीच्या लग्नानंतर असं रडताना पाहिलं नव्हतं. हर्षल, फारसं न बोलणारा, सांडलेले गहू वेचून आईच्या ओटीत टाकत होता.  मी रस्त्यावर जाऊन ऑटो बोलावला. तिचं घर दहा पावलांवर आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. बहीण निघाली की भावाने स्टँडवर सोडायला जायचं असतं, एवढंच आलं.

मी त्यांना नांदुऱ्याच्या बसमध्ये बसवलं. बॅगा वर ठेवल्या. देवाला खिडकी दिली.

"पोचली की सांगजो," मी म्हणालो. कुठे पोचल्यावर, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

बस हलली. स्टँडवर धूळ फार असते. मी रुमाल काढला.

संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. घर फारच शांत वाटत होतं. पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात भिंतीवर एक तेल लावलेलं डोकं उगवलं.

"आबा! आमी मामाच्या गावाले गेलतो!"

"हो काय?" मी म्हणालो. "कसा हाये मामा?"

"लय चिडते," देवा म्हणाला. "घोरते बी. पन चांगला हाये. स्टँडवर रडून राह्यलता."

"काऊन?"

"आई म्हने, भाऊ असाच असते."

अर्चना मागे दोरीपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. दोरीवर एकही कपडा नव्हता. मी देवाला दरडावून भिंतीवरून खाली उतरायला सांगितलं. तो उतरला, पण आमच्या अंगणात.