स्वातंत्र्याचा उपचार

इंग्रजांनी कायदा करून फासेपारध्यांले जन्मजात गुन्हेगार ठरवलं अन् त्यांच्यावर रोज चौकीत हजेरी लादली होती. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला. पण बेसाच्या तांड्यावरच्या लहानूच्या पायांले तसं कोणी कळवलं नाही. दिवस कलला की म्हातारा उठायचा, चौकीसमोर उकिडवा बसायचा, "हाजिर" म्हणायचा अन् परत यायचा. रात्री कुत्रं भुंकलं तरी दचकून उठायचा.

शहात्तर साली सरकारच्या ध्यानात आलं, की हा परकीय राजवटीचा मानसिक अवशेष आहे. लगेच 'गुलामी-मनोवृत्ती निवारण केंद्र' निघालं. जागा नव्हती, म्हणून चौकीतच भरलं. उपचार सोपा होता. रोज संध्याकाळी यायचं, ओळीत उभं राहून "मी स्वतंत्र आहे" म्हणायचं. जो येणार नाही त्याचा रोग बळावला समजून नत्थू हवालदार त्याले घरून उचलून आणायचा.

लहानूची सून भीमाबाई मोठी फटकळ. तांड्याचं औषध तिले ठाऊक होतं. मौद्याजवळ नदीकाठी भाऊबंद जमायचे. ज्याच्या अंगात भीती शिरली, त्याले मधात झोपवून बाकीचे भोवती बसून जागायचे. मरायच्या आधी म्हाताऱ्यानं एक रात तरी धड झोपावं, एवढंच तिचं म्हणणं. ते सांगायले ती केंद्राच्या साहेबाकडे गेली.

"साहेब, मामाजीले मौद्याले नेऊन राहिली मी."

"परवानगी घेतली?"

"परवानगी मागाची सवय मोडाले तं तुमी बसले ना!"

"उपचार अर्धवट सोडता येत नाही, बाई. न विचारता जाण्याइतके बरे झाले, की आम्हीच पाठवू."

"अन् न इचारता गेले तं?"

"तर धरून आणू. रुग्ण आहेत."

भीमाबाईनं न विचारताच नेलं. नत्थू जीप घेऊन पोचला तेव्हा सूर्य कासराभर वर आला होता, अन् लहानू घोरत होता.

"उठवू नको गा नत्थू. जन्मात पहिल्यांदा झोपला."

"मले काय हौस हाये वं? मी तं त्याले बरं कराले आलो."

चौकीत लहानू "हाजिर" म्हणाला नाही. साहेबाच्या डोळ्यात पाहून त्यानं विचारलं, "मले काहून आनलं?"

साहेबानं निदान केलं, प्रकृती गंभीर.

नेमकी त्याच रात्री जवळच्या नंदनवन वस्तीतून एक सायकल चोरीला गेली होती. केंद्रात गैरहजर एकटा लहानूच. त्याले आत टाकलं. "मी झोपलो होतो" हे कोणालेच पटलं नाही.

सायकल तुमचीच; पुढे ती तुमच्या मेव्हण्याकडे सापडली. विचारायचं विसरून तोच घेऊन गेला होता. तुम्ही ती घरी आणली, चेनले तेल दिलं. चौकीत जाऊन सांगायचं तेवढं राहिलं. तुमच्यासारख्या सभ्य माणसानं चौकीची पायरी चढायची, म्हणजे लोक काय म्हणतील?