राठोड सरांची शेपटी

रविवार, फेब्रुवारीतली सकाळ, वारा पडलेला. जागा: राठोड सरांच्या घरापुढचं अंगण. हजर: राठोड सर, निवृत्त भूगोल शिक्षक. बाबूअप्पा, समोरचे हळदीचे व्यापारी, उघडी छत्री ढालीसारखी पुढे धरून. मी, कॉलनीची चिटणीस. पार्वतीवहिनी, सरांच्या पत्नी, घरात, खिडकीचा पडदा ओढून. शिवाय रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर एक, हातभर लांब.

राठोड सर डावं-उजवं म्हणत नाहीत. "ताई, तुमच्या चपलीच्या नैऋत्येला विंचू हाय," असं ते मला एकदा म्हणाले. मी नैऋत्य शोधेपर्यंत विंचू निघून गेला. आमच्या वसमतच्या कॉलनीत ते नवीन होते तेव्हा दूधवाल्याला "ईशान्येच्या फाटकातून ये" म्हणून सांगायचे. तो बिचारा एकदा दूध आमच्याकडेच देऊन गेला.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील, याचे माझे काही अंदाज होते: वाचनालय, मंदिराचा ट्रस्ट, गुडघ्याचं औषध. सरांनी मात्र गेल्या वर्षी पुण्याहून हेलिकॉप्टरचे सुटे भाग मागवले आणि जेवणाच्या टेबलावर जुळवायला घेतले. तेव्हापासून सर आणि वहिनी जमिनीवर बसून जेवतात.

बाकी सगळं पटकन जुळलं. अडलं ते शेपटीशी. "उडतं तर कावळं बी, ताई," सर म्हणायचे. "एका जागी उभं ऱ्हाणं अवघड. दिशा बराबर पायजे."

त्यांनी मला ते समजावलं, आणि मी गप्प ऐकत बसले, जे माझ्या हातून सहसा होत नाही. वरचा मोठा पंखा एका बाजूला फिरला की खालचं अंग उलट बाजूला फिरायला बघतं. ते धरून ठेवतात शेपटीच्या टोकाची दोन पाती, फक्त बोटभर लांबीची. आणि त्या पात्यांना कधी किती तिरकं व्हायचं हे सांगायला पोटात जायरो नावाची काड्याच्या पेटीएवढी वस्तू असते. तोंड केसभर वळलं तरी तिला कळतं. शेपटीकडे जाणारी बारीक दांडी सर अर्धा आटा फिरवायचे, डोळ्याशी धरायचे, पुन्हा अर्धा आटा मागे घ्यायचे. अशा दुपारच्या दुपारी जायच्या. इतकी निष्ठा मी माणसांच्या बाबतीतही फार कमी पाहिली आहे.

तरीही पहिल्यांदा उडवलं तेव्हा हेलिकॉप्टर भिंगरीसारखं गरगरलं आणि बाबूअप्पांच्या वाळत घातलेल्या हळदीत शिरलं.

"सर, हळद पॉलिश करायला माझ्याकडं मशीन हाय," बाबूअप्पा म्हणाले. "तुमी काहून तकलीफ घेऊन राहिले?"

दुसऱ्यांदाही ते तसंच गरगरलं, आणि या वेळी वहिनींनी ते खिडकीतून पाहिलं. वहिनींना कानाचं दुखणं आहे. तोल सांभाळणारं कानातलं काहीतरी बिघडलंय. फिरती वस्तू दिसली की त्यांना घर फिरायला लागतं. ऐन मे महिन्यातही त्यांच्याकडे छताचा पंखा बंद असतो. त्या दिवशी त्या आडव्या झाल्या त्या दुसऱ्या दिवशी उठल्या, आणि उठल्याबरोबर म्हणाल्या, "आता फिरलं तर ते माळ्यावर जाईल. कायमचं." सरांनी मान हलवली.

म्हणजे हा रविवार शेवटचा होता. खरं सांगायचं तर मी वहिनींच्या बाजूची होते. आजारी बायकोच्या घरात गरगरणारी वस्तू आणू नये, हे कळायला भूगोल लागत नाही.

मी यादी करून आणली होती: दोऱ्यांवरचे कपडे काढणे, शेळ्या बांधणे, हळदीवर ताडपत्री टाकणे, बाबूअप्पांना मागे सरकवणे. सरांनी ती वाचली. "चांगली हाय. मागं म्हंजे कोण्या दिशेला, ते लिवलं न्हाई तुमी."

मग शेवटची तपासणी. सर हेलिकॉप्टरच्या समोर, तोंडाकडे तोंड करून उभे राहिले. वरून त्याचा माथा धरला, बाजारात बैल वळवून बघावा तसं तोंड एका अंगाला वळवलं आणि शेपटीची पाती कुठे कलतात ते पाहिलं. "बराबर," म्हणाले. पुन्हा वळवलं. "बराबर."

खिडकीचा पडदा हलला.

"अवो," वहिनी म्हणाल्या, "तुमी त्याच्याकडं तोंड करून काहून उभे?"

"तपासून राहिलो."

"शिकवून राहिले तुमी. वर्गात असेच उभे ऱ्हायचे. पोरांना उजवीकडची पूर्व दावायची म्हणून आपला डावा हात वर करायचे. इथं बी तेच. मागं जाऊन उभे ऱ्हा त्याच्या."

सर थांबले. आयुष्यभर वर्गासमोर उभं राहून त्यांच्या अंगात उलटा नकाशा बसला होता. समोरून बघताना हेलिकॉप्टरची डावी बाजू ते उजवी धरत होते, आणि त्या हिशेबाने जायरो उलटा लावला होता. तोंड डावीकडे वळलं की शेपटी त्याला आवरायच्या ऐवजी आणखी डावीकडे ढकलत होती. गरगरणारच.

"तू वर्गात कवा आलतीस?" सरांनी विचारलं.

"डबा घेऊन येत होते की. दारातून दिसायचं."

बाबूअप्पा छत्रीमागून म्हणाले, "वहिनीला हेडमास्तर करायला पायजे होतं."

सर मागे गेले. जायरोवरचं बारीक बटण उलट बाजूला सरकवलं, मागून तपासलं, पुन्हा तपासलं. मग पंखा फिरायला लागला, इतका जोरात की फिरणं दिसेना.

हेलिकॉप्टर कंबरेएवढं वर आलं आणि थांबलं. हवेत कुणी फळी मारून ठेवावी आणि तिच्यावर ते ठेवावं, असं. तोंड घराकडे. माझ्या यादीत यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बाबूअप्पांनी छत्री मिटली.

वहिनी दाराची चौकट धरून ओट्यावर आल्या.

सर नजर न काढता हळूच मला म्हणाले, "डॉक्टर म्हणले, रोज एका जागी नजर लावून बसायचं, मंग तोल येईल. भिंतीवर ठिपका काढून देल्ता मी. ठिपक्याकडं किती दिवस बघंल लेकरू? कंटाळली. म्हणलं, उभं ऱ्हाणारं काही जितं आणावं."

नातवंडं असलेल्या बायकोला ते लेकरू म्हणाले. मी शेळ्यांकडे बघितलं.

"तोंड सरकून राहिलं," सर पुटपुटले. "पूर्वेला."

खरंच, हेलिकॉप्टरचं तोंड हळूहळू वळत होतं. गरगर नाही. भिंतीवर ऊन सरकतं तसं. शेपटीची ट्रिम, म्हणजे शेवटची बारीक जुळवणी, थोडी चुकली होती. रिमोटवरचं एक बटण दोनदा दाबलं की झालं असतं. सरांनी अंगठा उचलला.

तेवढ्यात मी वहिनींकडे पाहिलं. वर्षभर त्या मान वळवत नव्हत्या. बाजूला बघायचं तर अख्ख्या वळायच्या, पाण्याने भरलेलं घमेलं डोक्यावर असल्यासारख्या. आता त्यांची मान हेलिकॉप्टरच्या तोंडाबरोबर हळूहळू पूर्वेला चालली होती. चौकटीवरचा हात कधी सुटला, ते त्यांनाही कळलं नसावं.

सरांनीही ते पाहिलं. अंगठा बटणावर गेला आणि न दाबता तिथेच राहिला.

ट्रिम अजून बाकी आहे.