उद्योगी असल्याचा दाखला

प्रत्येक नागरिकाला, तो काम करो वा न करो, सरकारने दरमहा एक ठरावीक रक्कम द्यावी काय, याबाबत जनतेचे मत जाणून घेण्याचे सरकारने ठरवले. जनतेला मत असते हे सरकारला अधूनमधून आठवते. अशा वेळी लोकमत विभागाची धूळ झटकली जाते आणि धुळीखालून चार माणसे निघतात. त्यांपैकी एक म्हणजे आपले पाहणीदार.

पाहणीदार सात वर्षे तात्पुरते होते. दरवर्षी त्यांना एक दिवस कामावरून कमी करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेत. या पाहणीचा अहवाल निःसंदिग्ध आला तर तुम्हाला कायम करू, असे विभागप्रमुख मॅडमनी तोंडी सांगितले होते. कायम होण्यासाठी ते इतके का तळमळत होते, हे त्यांनी फक्त बायकोजवळ बोलून दाखवले होते. "एकदा कायम झालो ना, की सुटलो बघ. मग कोण विचारतंय, काम केलं की नाही!" फुकटच्या पैशाने लोक ऐतखाऊ होतील, असे त्यांचे ठाम मत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे सात वर्षांत त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

फॉर्मवर वरून सात प्रश्न ठरून आले होते. चौथा होता, 'रक्कम द्यावी काय?' आणि सातवा, 'रक्कम मिळू लागल्यास आपण काम सोडाल काय?' इथे पाहणीदारांना हुशारी सुचली. त्यांनी आठवा प्रश्न जोडला. 'आपण सोडणार नसल्यास दुसरे कोण सोडेल? नाव व घर क्रमांक लिहावा.'

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "कल्पक आहे," त्या म्हणाल्या. पाहणीदारांना नोकरीत मिळालेले हे पहिले विशेषण. ते त्या दिवशी शीळ घालत घरी गेले.

प्रवासभत्ता वाचावा म्हणून त्यांना त्यांचीच गल्ली नेमून देण्यात आली. दोनशे घरे. पहिला नंबर कोपऱ्यावरच्या शिंप्याचा लागला.

"मी काम सोडेन?" शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "अहो, हात थांबले तर वेड लागेल मला. पण हे समोरचे घरमालक आहेत ना, त्यांना पैसे द्याल तर संपलंच."

"ते तर आत्ताही काही करत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. आणखी काही करणार नाहीत!"

घरमालक व्हरांड्यात आरामखुर्चीत पडले होते. त्यांना पेन्शन होती आणि तीन घरांचे भाडे येत होते. "फुकटचा पैसा माणसाला सडवतो, लिहून घ्या," ते म्हणाले. "एक तारखेला भाडेकरू भाडं घेऊन आले की मी त्यांना हेच सांगतो."

"आपण काम सोडाल काय?"

"कुठलं काम?" घरमालकांनी थोडा विचार केला. "नाही म्हणून लिहा. तो शिंपी मात्र सोडेल. दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपतो. मी रोज बघतो."

"रोज?"

"रोज. या खुर्चीतून सरळ दिसतं."

पुढच्या घरांतल्या लोकांनी फॉर्म स्वतःच भरले आणि आठव्याचे उत्तर दुमडून दिले. अशी दोनशे घरे झाली. चौथ्या प्रश्नाला बहुतेकांनी लिहिले होते, 'मला द्यावी, पण सरसकट देऊ नये.' शेवटचा फॉर्म पाहणीदारांच्या स्वतःच्या घरचा. बायकोने बटाटे सोलता सोलता तो भरला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. घरचे काय वाचायचे, म्हणून त्यांनी तो वाचला नाही.

मोजणी मॅडमच्या खोलीत झाली. सातव्या प्रश्नाला दोनशेच्या दोनशे घरांतून 'नाही' असे उत्तर आले होते. आठव्या प्रश्नात दोनशेच्या दोनशे घरांतली नावे आली होती.

"म्हणजे गल्लीतलं कुणीच काम सोडणार नाही आणि सगळेच सोडणार?" मॅडमनी विचारले. "यातलं खरं कुठलं धरायचं?"

पाहणीदारांनी नियमांचे पुस्तक उघडले. "मॅडम, माणूस स्वतःबद्दल चांगलं सांगतो ते पुराव्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही. आपण जिवंत आहोत हेसुद्धा दुसऱ्याने सही केल्याशिवाय आपल्याकडे चालत नाही."

सातवा प्रश्न रद्द झाला. आठव्याची उत्तरे त्रयस्थांची होती आणि शिवाय घर क्रमांकासहित होती. अख्खी गल्ली 'संभाव्य ऐतखाऊ' ठरली. इतका निःसंदिग्ध अहवाल विभागाच्या इतिहासात झाला नव्हता.

पण सरकार निष्ठुर नसते. नागरिकांना बाजू मांडायची संधी देण्यात आली. ज्याला आपण तसे नाही असे वाटते, त्याने कामाच्या दिवशी, दहा ते दोन या वेळात, स्वतः हजर राहून 'उद्योगी असल्याचा दाखला' घ्यावा. खिडकी एक. दाखला देणारे अधिकारी, पाहणीदार.

रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली. जे आले नाहीत त्यांनी साधे कष्टही घेतले नाहीत, अशी नोंद झाली. जे आले त्यांना भर दिवसा उभे राहायला वेळ आहे, अशी नोंद झाली. घरमालक घडीची खुर्ची घेऊन सर्वांच्या आधी आले होते. शिंपी पाचव्या दिवशी खिडकीशी पोचला.

"साहेब, चार दिवस दुकान बंद आहे."

"का?"

"का म्हणजे? इथं उभा आहे म्हणून!"

पाहणीदारांनी लिहिले, 'काम बंद केल्याचे अर्जदारास मान्य.' स्वतःच्या विरुद्ध सांगितलेले मात्र ग्राह्य असते. त्यांना वाईट वाटले, खरेच वाटले. नोकरीच्या मुलाखतीची पँट याच माणसाने त्यांना एका दिवसात शिवून दिली होती. पण त्यांना कायम करण्याची फाइल त्याच दिवशी मॅडमच्या टेबलावर होती. त्यांनी शिंप्याकडे न बघता शिक्का मारला.

दुपारी मॅडमनी बोलावले. "अहवाल वर फार आवडला. योजना जनतेच्या मताप्रमाणे बारगळली. आता तुमचं बघू. तुम्ही राहता त्याच गल्लीत ना?"

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. आठव्या प्रश्नात सगळ्यांत जास्त वेळा आलेले नाव पाहणीदारांचे होते, एक्केचाळीस वेळा. सगळ्यांत वरच्या फॉर्मवरचे अक्षर ओळखीचे होते. कोण काम सोडेल? 'आमचे हे.' केव्हा? असे फॉर्मने विचारले नव्हते, तरी तिने लिहिले होते, 'कायम झाले की लगेच.'

"तुम्हीही दाखला आणा, म्हणजे झालं," मॅडम म्हणाल्या.

"पण तो देणारा मीच आहे."

"मग आधी रांगेत उभे राहा. नियम तुम्हीच दाखवलात."

संध्याकाळी ते घरी तणतणत शिरले. "दोनशे घरं होती गल्लीत, आणि तू माझं नाव दिलंस?"

"मग कुणाचं देऊ? बाकीच्यांची मला खात्री नव्हती."

पाहणीदारांना आधी हसू आले, आणि मग रडूही येईलसे वाटले.

आता ते रोज दहा वाजता रांगेत उभे असतात. रांग हलत नाही, कारण खिडकी बंद आहे. खिडकी बंद आहे, कारण अधिकारी रांगेत आहेत.

"कधी उघडणार हो?" मागून शिंपी विचारतो. त्याने आणि घरमालकांनी फेरतपासणीचे अर्ज केले आहेत.

"माझा नंबर आला की," पाहणीदार सांगतात.

कार्यालयीन कारणासाठी उभे असल्याने त्यांचा पगार चालू आहे. गल्लीत काहीही न करता दरमहा ठरावीक रक्कम मिळणारे आता दोघे आहेत. एक घडीच्या खुर्चीत बसतात, दुसरे त्यांच्या शेजारी उभे राहतात, आणि लोक किती आळशी झालेत यावर दोघांचे छान जमते.

फॉर्म अजून शिल्लक आहेत. तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवला आहे. सातव्या प्रश्नाचे तुमचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे, ते भरू नका. आठव्यासाठी एक नाव वाचता वाचता तुमच्या मनात आलेच असेल. तेही लिहायची घाई नको. त्या माणसाने त्याचा फॉर्म गेल्याच आठवड्यात भरून दिला आहे, आणि तुमचा घर क्रमांक अगदी बरोबर लिहिला आहे.